शलमोनाने ‘ऐकणारे हृदय’ मागितले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात प्रार्थना आणि विवेक यांविषयी जी चर्चा चालू आहे, ती मी मन लावून वाचत आहे. देवाकडे बुद्धी मागणे म्हणजे स्वतःची बुद्धी गुंडाळून ठेवणे आणि निर्णयाची जबाबदारी झटकणे, असा काही पत्रांचा रोख दिसला. मी ख्रिस्ती आहे, ठाण्यातच जन्मलो आणि वाढलो, आणि ही प्रार्थना आमच्या घरात तीन पिढ्या रोज संध्याकाळी होत आली आहे. म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले. मात्र तो आक्षेप निराधार नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. आमच्यापैकी पुष्कळ जण ही प्रार्थना अगदी तशीच करतात, आणि मीही बरीच वर्षे तशीच केली.

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील पाचवे वचन आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लहान मुलांनाही पाठ असते. ज्याला ज्ञान उणे पडते त्याने ते देवाजवळ मागावे, कारण देव कोणाला दोष न लावता सर्वांना उदारपणे देतो, असा त्याचा आशय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलांसाठी प्रार्थना होते तेव्हा हेच वचन वाचले जाते. मराठी बायबलमध्ये याच वचनाच्या वर दोन-तीन ओळींत ‘परीक्षा’ हा शब्द येत असल्यामुळे मला स्वतःला लहानपणी, हे सारे बोर्डाच्या परीक्षेविषयीच लिहिले आहे, असे खरोखर वाटत असे. पुढे केव्हातरी लक्षात आले, की याकोबाच्या डोळ्यांसमोर माणसाची कसोटी पाहणारी संकटे आहेत. हाल सोसणाऱ्या, पांगलेल्या, गरीब विश्वासणाऱ्यांना तो लिहीत आहे. संकट काढून घे, अशी प्रार्थना करा, असे तो त्यांना तेथे सांगत नाही. संकटात कसे वागावे हे कळण्यासाठी ज्ञान मागा, असे सांगतो. मुलांसाठी प्रार्थना जरूर व्हावी. पण या वचनातील ज्ञान गुणपत्रिकेत मोजता येण्यासारखे नाही, हेही त्यांना त्याच वेळी सांगितले जावे, असे मला कळकळीने वाटते.

‘ज्ञान’ या शब्दानेही आपली थोडी दिशाभूल होते. मराठीत ज्ञान म्हटले की पुस्तके आणि पदव्या आठवतात किंवा मग एकदम ब्रह्मज्ञान आठवते. जुन्या करारात ज्याला हिब्रू भाषेत ‘होखमा’ म्हणतात, त्याचा अर्थ शहाणपण, विवेक आणि हातातील कसब या सगळ्यांना कवेत घेणारा आहे. त्यातील निर्गम या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात देवाने बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरले, असे सांगितले आहे, आणि ते कशासाठी, तर सोने, रुपे व पितळ यांचे काम करण्यासाठी, रत्ने पैलू पाडून जडवण्यासाठी आणि लाकडाचे कोरीव काम करण्यासाठी. पुढे बकऱ्यांचे केस कातणाऱ्या बायकांविषयीही तोच शब्द आला आहे. माझे वडील नगर जिल्ह्यातून ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले. पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी ते दाराशी उभे राहून डोळे मिटून एकच वाक्य म्हणत, “प्रभू, आज हाताला आणि नजरेला शहाणपण दे.” त्यानंतर कारखान्यात गेल्यावर प्रत्येक नग मायक्रोमीटर लावून दोनदा मोजत. प्रार्थना केली आहे म्हणून एकदाच मोजले तरी चालेल, असे त्यांच्या मनात कधी आले नाही. उलट, ज्याने शहाणपण मागितले आहे त्याने दोनदा मोजलेच पाहिजे, असे ते मानत. या वाक्याचा खरा अर्थ कळायला मला माझे सगळे नोकरीचे आयुष्य लागले.

त्याच वचनातील ‘दोष न लावता’ हे तीन शब्द मला अतिशय मोलाचे वाटतात. मी एका सरकारी कार्यालयात अनेक वर्षे खिडकीवर काम केले. खिडकीपलीकडचा माणूस तेच दुसऱ्यांदा विचारू लागला की माझ्या कपाळाला आठी पडायची, आणि तिसऱ्यांदा विचारले तर “आत्ताच सांगितलं ना?” हे तोंडातून गेलेच म्हणून समजा. त्या आठीमुळे किती माणसे अर्धवट समजलेला अर्ज घेऊन परत गेली असतील, याची आज मला लाज वाटते. याकोब सांगतो तो देव असा नाही. ‘एवढेही कळत नाही का’, ‘मागच्या वेळी दिले त्याचे काय केलेस’, असे तो विचारत नाही. म्हणून आपले अज्ञान कबूल करण्याची भीती त्याच्यापाशी वाटत नाही. आणि जो देवापाशी ‘मला कळत नाही’ असे म्हणू शकतो, त्याने माणसांपाशीही ते म्हणायला शिकले पाहिजे. ही प्रार्थना करणारा माणूस इतरांना विचारण्यात कमीपणा मानू लागला, तर ती प्रार्थना ओठांवरच राहिली, असे मी समजतो.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येतो. आमची नौपाड्यातील चोवीस घरांची इमारत जुनी झाली आहे. पावसाळ्यात जिन्याच्या छतातून पाणी ठिबकते, सज्जे टेकू देऊन उभे केले आहेत. ठाण्यात अशा किती इमारती आहेत, हे मी आपल्याला सांगायला नको. पुनर्विकासाचा विषय निघाला, वास्तुविशारद नेमले गेले, विकासकांच्या निविदा आल्या, आणि संस्थेचा सचिव म्हणून सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. तेवीस सभासद तयार होते. तळमजल्यावरच्या काकू मात्र सही करीत नव्हत्या. २०१९ च्या शासन निर्णयानुसार एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरेशी असते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने आमचे काही अडत नव्हते. तरीही एकही घर विरोधात नसावे, असा विकासकाचा आग्रह होता, आणि काकू जास्त पैशांसाठी अडून बसल्या आहेत, अशी कुजबुज जिन्यात सुरू झाली होती. मी ती थांबवली नाही, कारण मलाही तसेच वाटत होते.

रोज संध्याकाळी घरच्या उपासनेत मी या कामासाठी प्रार्थना करीत होतो. प्रभू, त्यांचे मन वळव, त्यांना सुबुद्धी दे, असे मी म्हणत असे. एके दिवशी वाचनात पहिल्या राजांच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आला. इस्राएलचा राजा शलमोन नुकताच गादीवर बसला आहे, गिबोन येथे देव त्याला स्वप्नात दर्शन देऊन ‘काय हवे ते माग’ म्हणतो, आणि शलमोन म्हणतो की मी तर केवळ लहान मूल आहे, या एवढ्या लोकांचा न्याय कसा करावा हे मला समजत नाही. दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा प्राण न मागता त्याने जे मागितले, त्यासाठी मूळ हिब्रूत आलेल्या शब्दांचा शब्दशः अर्थ ‘ऐकणारे हृदय’ असा होतो. वाचन संपले, मी नेहमीप्रमाणे प्रार्थना केली, आणि ‘आमेन’ झाल्यावर माझी पत्नी पुस्तक मिटत शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही बुद्धी मागताय की काकूंची सही?”

मला त्या रात्री झोप आली नाही. स्वप्न पडले नाही की आवाज ऐकू आला नाही. पण एक साधी गोष्ट मनात लख्ख उभी राहिली. दीड वर्षात मी काकूंना सहा पत्रे पाठवली होती, दोन सभांमध्ये त्यांच्याशी वाद घातला होता. पण त्यांच्या घरी जाऊन खुर्चीवर बसून, त्यांना काय वाटते हे एकदाही विचारले नव्हते. ज्या शलमोनाच्या न्यायाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, त्या गोष्टीतही त्याने आधी एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या दोघींचे बोलणे पुरते ऐकून घेतले आहे, इतकेच नव्हे तर निवाड्यापूर्वी दोघींचे म्हणणे पुन्हा आपल्या तोंडाने बोलून दाखवले आहे. बाळाचे दोन तुकडे करा म्हणून मागवलेली तलवार त्यानंतर आली. आपल्याला तलवारच तेवढी लक्षात राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काकूंचा मुलगा चाळिशीचा आहे, त्याची बौद्धिक वाढ लहानपणीच थांबलेली आहे. अशा मुलांसाठी चालणाऱ्या एका कार्यशाळेत तो रोज जातो आणि तेथे कागदी पिशव्या बनवतो. मी गेलो तेव्हा तो डबा पिशवीत घालून, चपलांचे बंद स्वतः लावून निघण्याच्या तयारीत होता. दाराच्या आतल्या बाजूला खडूने बाण काढलेला होता, उजवीकडे वळायचे म्हणून. काकू म्हणाल्या, “भाऊ, मी कुठं नाही म्हणते? पण त्याला हा रस्ता पाठ व्हायला चार वर्षं लागली. तीन वर्षं दुसरीकडं राहायचं म्हटलं तर त्यानं काय करायचं?” त्यांना जास्त पैसे नको होते. हीच गोष्ट त्यांनी पहिल्या पत्रात लिहिली होती, आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर विकासकाच्या बँक हमीविषयी एक प्रश्नही विचारला होता. ते पत्र माझ्याच फायलीत होते. ‘हरकत’ असा शेरा मारून मी ते लावून टाकले होते, दुसरे पान मी वाचलेच नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. कराराचा मसुदा आम्ही पुन्हा उघडला. बँक हमीचे कलम त्यात इतके मोघम होते की काम अर्धवट राहिले असते तर चोवीसही कुटुंबे उघड्यावर आली असती. ते नव्याने लिहून घेतले. काकूंसाठी त्याच रस्त्यावर, त्याच बाजूला, तळमजल्यावर तात्पुरती जागा शोधून देण्याचे विकासकाने आढेवेढे घेत का होईना, लेखी मान्य केले. या सगळ्यात सात महिने गेले, आणि त्या सात महिन्यांत मला सभासदांचे पुष्कळ बोल ऐकावे लागले. ते बोलही ऐकण्यासारखे होते. ज्यांच्या घरात पाणी ठिबकते त्यांची घाई खरीच होती. माझ्या प्रार्थनेचे उत्तर मिळाले का, असे कोणी विचारले तर मी ‘हो’ म्हणेन. मी मागत होतो ती सही उशिरा मिळाली. ज्याची मला खरी उणीव होती ते मला त्या पहिल्याच रात्री मिळाले होते, आणि ते घेऊन मला जिना उतरून तळमजल्यावर जावे लागले.

म्हणूनच, ही प्रार्थना जबाबदारीतून सुटका करून देते, हे मला पटत नाही. ती जबाबदारी वाढवते. मागण्यापूर्वी मी पत्राचे एकच पान वाचले होते. मागितल्यानंतर दुसरे वाचावे लागले. पंडिता रमाबाईंचे जीवन याची साक्ष देते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते खेड्यातील साध्या बाईलाही समजावे म्हणून. रमाबाईंइतके प्रार्थनेवर विसंबून राहणारे माणूस विरळाच. पण त्या कामासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्या कामात गुंतून राहिल्या. दुखण्याबाबतही पवित्र शास्त्राची रीत हीच आहे. हिज्कीया राजा मरणाच्या दारात असताना रडून प्रार्थना करतो, देव त्याची प्रार्थना ऐकतो, आणि त्यानंतर यशया संदेष्टा काय सांगतो, तर गळवावर अंजिरांचा लेप लावा. जे लोक प्रार्थना केली म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद करतात, त्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता जे लिहिणार आहे ते माझ्याच समाजबांधवांसाठी आहे, आणि ते जाहीरपणे लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. आमच्या प्रार्थनासभांमध्ये आणि कमिट्यांमध्ये ‘प्रभूने मला सांगितले’ हे वाक्य फार सहज वापरले जाऊ लागले आहे. मुलीचे लग्न कोठे करावे, मंडळीचा पैसा कशावर खर्च करावा, कोणाला निवडून द्यावे, अशा कोणत्याही प्रश्नात हे वाक्य उच्चारले की चर्चा संपते, कारण त्यानंतर प्रश्न विचारणारा माणूस थेट देवाच्याच विरोधात उभा असल्यासारखा दिसतो. कोणी डोळे मिटून बायबल उघडतो आणि बोट पडेल त्या वचनावर घर विकतो. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्या वाटल्या जातात, त्या मलाही प्रिय आहेत, माझ्या पाकिटात यंदाची चिठ्ठी आहे. पण त्या चिठ्ठीवरून वर्षभराचे निर्णय काढणे हा त्या वचनाचाच अपमान आहे. देव बोलत नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. तो बोलतो, यावर माझा विश्वास आहे आणि म्हणूनच त्याचे नाव आपल्या मताखाली सहीसारखे वापरण्याची मला भीती वाटते.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा धडा वेगळा आहे. परराष्ट्रीयांतून, म्हणजे यहुदी नसलेल्या लोकांतून, आलेल्या विश्वासणाऱ्यांची सुंता करावी की नाही, हा त्या काळातला सर्वांत मोठा वाद होता. तो सोडवण्यासाठी यरुशलेमेत प्रेषित आणि मंडळीतील वडीलधारे एकत्र जमले, आणि पुष्कळ वादविवाद झाल्यानंतर येशूचा शिष्य पेत्र बोलायला उठला, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. परराष्ट्रीयांत प्रचार करणाऱ्या बर्णबा आणि पौल यांचे अनुभव सभेने गप्प राहून ऐकले, याकोबाने शास्त्रातील आधार दाखवला, आणि मग जे पत्र पाठवले त्यात ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पवित्र आत्म्याचे नाव तेथे चर्चेच्या शेवटी आले. आमच्याकडे ते पहिल्याच वाक्यात येते, आणि मग बोलायला काही उरत नाही. मंडळीतल्या स्त्रिया, तरुण मुले आणि कमी शिकलेली माणसे अशा वेळी सर्वांत आधी गप्प होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वरून येणारे ज्ञान ओळखायचे कसे, हे याकोबानेच तिसऱ्या अध्यायात सांगून ठेवले आहे. ते प्रथम शुद्ध असते, मग शांतिप्रिय, सौम्य, समजूत मान्य करणारे, दयेने भरलेले, पक्षपात न करणारे आणि निष्कपट असते. यांतील ‘समजूत मान्य करणारे’ हा गुण मला कमिटीच्या खोलीत भिंतीवर लिहून लावावासा वाटतो. देवाकडून आलेले ज्ञान दुसऱ्याने समजावले तर ऐकते. जे मत कोणाचेच ऐकायला तयार नाही आणि वर हेव्याने व तंट्याने भरलेले आहे, ते कितीही प्रार्थना करून आलेले असले तरी वरून आलेले नाही, असे याकोब स्पष्ट म्हणतो. तलावपाळीच्या काठावरील चर्चमध्ये जाणारे आमचे कॅथलिक बांधव पवित्र आत्म्याच्या सात दानांमध्ये ज्ञानाचे दान पहिले मोजतात. दान म्हटल्यावर त्यावर मालकी सांगता येत नाही, आणि एकदा मिळाले म्हणजे जन्मभराची सोय झाली असेही नाही. ज्या शलमोनाने ऐकणारे हृदय मागितले, त्याचेच मन म्हातारपणी बहकले. त्याच्या वेठबिगारीखाली प्रजा कण्हत राहिली, आणि तिची तक्रार ऐकायला त्याचा मुलगाही तयार झाला नाही, म्हणून राज्य दुभंगले. ही प्रार्थना आमच्या घरात रोज का करतात, असे मी लहानपणी वडिलांना विचारत असे. त्यांनी कधी नीट उत्तर दिले नाही. ते फक्त रोज ती करीत राहिले.

आमच्या करारावर सह्या झाल्या आहेत आणि घरे रिकामी करण्याची तारीखही ठरली आहे. मात्र गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आले, की जिन्याखालच्या खोलीत वीस वर्षे राहणारा आमचा रखवालदार आणि त्याचे कुटुंब यांचे नाव या करारात कोठेच नाही. तो सभासद नाही, भाडेकरू नाही, कायद्याच्या कोणत्याच रकान्यात तो बसत नाही. त्याच्यासाठी काय करता येईल हे आम्हाला कोणालाही अजून सुचलेले नाही. रविवारी संस्थेची सभा आहे, तेथे हा विषय मी मांडणार आहे. त्याआधी शनिवारी संध्याकाळी, प्रार्थना झाल्यावर, मी आणि माझी पत्नी त्याच्या खोलीत जाऊन बसणार आहोत.

आपला,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)